गाडी नको, आधी वार ठरवा

प्रश्न : मी शहाद्यातल्या एका लहान संस्थेत प्रकल्प समन्वयक आहे. धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या पाड्यांवर आम्ही चौघं निराधारांची आणि वृद्धांची पेन्शन, जातीचे दाखले, वनहक्काचे दावे, बचत गटांचे कागद अशी कामं करतो. सकाळी सातला निघायचं, मांडीवर लॅपटॉप, रेंज नाही, चार्जिंग नाही, रात्री नऊ-दहाला परत, आणि मग एक वाजेपर्यंत दिवसभराचं अपलोडिंग. आता एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) निधीतून टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये ‘फिरतं कार्यालय’ बांधून घ्यायचं विश्वस्तांच्या मनात आहे. एसी, टेबलं, प्रिंटर, टपावर सोलर, बाहेरच्या बाजूला टीव्ही. पुढच्या महिन्यात बैठक आहे आणि माझं मत मागितलंय. गाडी घ्यावी का? विजेचं आणि नेटचं कसं करावं? आणखी एक गोष्ट आहे, बैठकीत बोलायला जड जाते. टीममध्ये मी एकटीच बाई आहे. दिवस दिवस पाणी न पिता काढते. त्याचं काय करू?
— समन्वयक, शहादा

उत्तर :

ताई,

ही गाडी घेऊ नका. निधी परत करा असं मी म्हणत नाही. तो कुठे लावायचा ते खाली सांगतेच. पण टेम्पो ट्रॅव्हलरचं ऑफिस केल्यानं तुमची रात्रीची झोप परत मिळणार नाही, आणि पाड्यावरच्या म्हातारीची पेन्शनही लवकर सुरू होणार नाही.

रात्री एकपर्यंत अपलोडिंग, हे तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय. मला त्यात उत्तर दिसतं. दिवसभर तुम्ही जे करता त्यातल्या बहुतेक कामाला नेट लागत नाही, आणि ज्याला नेट लागतं त्यासाठी पाड्यावर बसायची गरज नसते. एकदा सगळी कामं कागदावर लिहून काढा आणि त्यांचे तीन ढीग करा. पहिल्या ढिगात माणूस समोर लागतो, नेट लागत नाही. विचारपूस, कागद तपासणं, सही-अंगठा, कागदांचे फोटो, वनहक्काच्या दाव्यासाठी शेताच्या कडेकडेनं चालत जीपीएसनं मोजणी, वनहक्क कायद्यानं ठरवलेल्या १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कोण कसत होतं त्याचे जुन्याजाणत्यांचे जबाब. फोनचं जीपीएस रेंजशिवाय चालतं, हे टीममधल्या सगळ्यांना सांगा. सिग्नल थेट उपग्रहाकडून येतो. फक्त पहिली जागा पकडायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतं आणि दाट झाडीत किंवा अरुंद खोऱ्यात थोडं भरकटतं. दुसऱ्या ढिगात नेट लागतं, माणूस लागत नाही. पोर्टल भरणं, कागद चढवणं, अहवाल. तिसऱ्या ढिगात दोन्ही एकाच जागी, एकाच मिनिटाला लागतात. आधारचा ओटीपी, ई-केवायसी, बोटाचा ठसा, हयातीचा दाखला.

गाडीचं चित्र काढणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हा तिसरा ढीग असतो. पाड्यावर गाडी थांबली, आत एसीत ताई बसलीय, आजीनं बोट लावलं, काम झालं. प्रत्यक्षात हाच ढीग सगळ्यात छोटा आणि सगळ्यात अडेलतट्टू. गाडी कितीही चांगली असो, तिच्यातून रेंज निघत नाही. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी तुमच्याच शहादा तालुक्यात, टेंभलीला वाटलं गेलं. त्याला आता दीड दशक होऊन गेलं, आणि त्याच जिल्ह्यात आजही बाई ओटीपीसाठी डोंगराच्या धारेवर चढते, कारण खाली खोऱ्यात फोन मुका असतो. त्यात आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा, आणि नवरा ऊसतोडीला गुजरातेत. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीला नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार लागायला लागला तेव्हा तर हा घोळ घरोघरी झाला. तुम्ही मला शिकवाल इतका तो तुम्हाला माहीत असेल.

तेव्हा तिसऱ्या ढिगासाठी गाडी पाड्यावर नेण्यापेक्षा माणूस जिथे आपणहून येतो आणि जिथे रेंज असते तिथे बसा. अशा जागा तुमच्या भागात आहेत. धडगाव आणि मोलगीचा आठवडे बाजार. भगर विकायला, मीठ-तेल न्यायला डोंगरातली माणसं जीपांच्या टपावर बसून तिथे उतरतात. जीप स्टँडच्या जवळ टेबल टाका. बाजाराच्या मधोमध नको, तिथे कुणी ऐकत नाही. आणि लक्षात ठेवा, बाजारात आलेल्या बाईचा जीव परतीच्या जिपेत अडकलेला असतो. दुपारी उशिरा तिला रांगेत उभं केलंत तर पुढच्या वेळी ती लांबूनच जाईल. एका माणसाला सर्व्हर चालू आहे की नाही एवढंच बघायला बसवा. सर्व्हर बंद असेल तर ‘आज नाही होणार, पुढच्या बाजारी या’ हे तिला सकाळी दहाला कळलं पाहिजे, तीनला नव्हे.

आता रस्त्याचं. सातपुड्यातलं गाव हे नकाशावर एक नाव असतं आणि जमिनीवर सात-आठ पाडे. एक घर या टेकडीवर, दुसरं त्या टेकडीवर. ट्रॅव्हलर ‘गावात’ पोचली म्हणजे बहुतेक वेळा शाळेपर्यंत किंवा डांबर संपतं तिथपर्यंत पोचली. आजारी माणसाला आजही बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावं लागतं, असे कितीतरी पाडे तुमच्या दोन तालुक्यांत आहेत. नर्मदेच्या काठावरच्या, सरदार सरोवराच्या फुगवट्याला लागलेल्या गावांना तर नावेनं जावं लागतं. तिथे सरकारचा दवाखानाही पाण्यावर तरंगतो. चांदसैली घाटात आणि देवगोई घाटात पावसाळ्यात दरड येते तेव्हा लांब गाडी वळवून मागे फिरवणं हाच एक प्रकल्प होऊन बसतो. टीव्ही लावलेल्या गाडीचा फायदा ज्या गावांना होईल त्यांना आधीच रस्ता आहे, आणि रस्ता आहे म्हणजे बरंच काही आहे.

बांधीव गाडी कुठे शोभते तेही सांगते, नाहीतर विश्वस्त म्हणतील ही बाई आंधळेपणानं नाही म्हणतेय. जिथे बंद दार लागतं किंवा जड यंत्र लागतं तिथे ती हवी. बायकांची तपासणी, रक्ताचे नमुने, डोळे तपासायची मशीन, एक्स-रे. आरोग्य खात्याची फिरती पथकं गाडीत असतात ती यासाठी. तुमच्याकडे जड काही नाही. लॅपटॉप आणि कागद. बंद दाराची गरज मात्र तुम्हालाही कधी कधी पडते, मारहाणीची किंवा टाकलेल्या बाईची केस असली की. पण तेव्हा मोठ्ठं नाव रंगवलेल्या, भोवती पोरांचा गराडा असलेल्या गाडीत ती बाई चढताना अख्खा पाडा बघतो. तिच्या घरामागच्या खळ्यावर बसणं यापेक्षा बरं.

कायद्याचीही एक अडचण आहे आणि ती बैठकीत जरूर काढा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीनं बनवलेल्या गाडीच्या नोंदणीतल्या तपशिलात फरक पडेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. सीटं काढून टेबलं बसवायची, टपावर चौकट ठोकायची, बाजूला टीव्ही लावायचा, तर आधी आरटीओ, मग आरसी बुकात नोंद, मग विमा कंपनीला कळवणं. हे न करता घाटात काही झालं तर विम्याचा दावा अडू शकतो. गाडी सजवून देणारा ठेकेदार हे सांगत नाही, कारण अपघाताच्या वेळी तो नसतो.

मग पैसे कशावर लावायचे? माझ्या क्रमानं सांगते, आणि क्रम महत्त्वाचा आहे.

पहिलं, पाड्यावरचीच, पावरी किंवा भिलोरी बोलणारी, बारावी झालेली एक किंवा दोन मुली पगारावर घ्या. मानधनावर नव्हे, पगारावर. अर्ध्या कामाला तुम्हाला जायचीही गरज राहणार नाही, आणि ‘टीममध्ये मी एकटीच बाई’ हे वाक्यही बदलेल. दुसरं, धडगाव किंवा मोलगीला एक खोली भाड्यानं घ्या, जिथे वीज आणि रेंज बऱ्यापैकी आहे आणि संडास आहे. तिचं भाडं त्या गाडीच्या खर्चाच्या पासंगालाही पुरणार नाही. दुसऱ्या ढिगाचं काम या खोलीत होईल, शहाद्याला परतून रात्री नाही. आणि घाट अंधारात उतरायचा नसेल तेव्हा मुक्काम तिथेच. तिसरं, साधी बोलेरोसारखी उंच गाडी. विकत घेण्यापेक्षा त्याच भागातला ड्रायव्हर असलेली गाडी महिन्याच्या करारानं घ्या. कोणत्या ओढ्याला कधी पाणी येतं हे ज्याला माहीत आहे तो ड्रायव्हर तुमच्या टीमचा पाचवा माणूस आहे. त्याला जेवायला बाजूला बसवू नका, फेरीची आखणी करताना विचारा. चौथं, दोन पेट्या. तुमचं फिरतं ऑफिस म्हणजे या दोन पेट्या. शाळेच्या व्हरांड्यात, अंगणवाडीत, कुणाच्या ओसरीवर जिथे उघडाल तिथे ऑफिस सुरू.

एक पेटी विजेची. इथे थोडी आकडेमोड करू, कारण याच ठिकाणी संस्था दुकानदाराच्या भरवशावर जातात आणि नको ते घेऊन येतात. दोन लॅपटॉप, फॉर्म भरणं आणि लिहिणं एवढंच काम, तर सरासरी २५ वॉट प्रत्येकी धरा. पाच तासांचे २५० वॉट-तास (वॉट गुणिले तास). तीन-चार फोन, ५० ते ६०. सिमवाला राउटर पाच तास, आणखी ५०. एखादा दिवा, थोडी छपाई, तारांमध्ये वाया जाणारं. सगळं मिळून साडेचारशेच्या आत. १२.८ व्होल्ट, ५० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ६४० वॉट-तास साठवते आणि त्यातले ८० टक्के, म्हणजे पाचशेच्या वर, बिनधास्त वापरता येतात. वजन सहा-सात किलो. एवढीच वापरण्याजोगी वीज घरच्या इन्व्हर्टरच्या पाण्याच्या बॅटरीतून हवी तर शंभर अँपिअर-तासांची, पंचवीस-तीस किलोची धूड लागते, कारण ती निम्म्याच्या खाली वारंवार उतरवली की लवकर मरते. शिवाय घाटात तिचं ॲसिड हिंदकळतं. गाडीच्या स्वतःच्या बॅटरीवर तर लॅपटॉप चालवूच नका. ती एकदम जोर लावून इंजिन सुरू करायला बनवलेली असते, दिवसभर हळूहळू द्यायला नाही. संध्याकाळी पाड्यावर गाडीला धक्का मारायची वेळ येईल.

भरायची कशी? रात्री खोलीवर भिंतीच्या सॉकेटला. आणि दिवसा गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवरून चालत्या इंजिनवर. तिथून साधारण शंभर वॉट सहज घेता येतात. जाता-येता मिळून चार तास गाडी चालली तर चारशे वॉट-तास परत आले. म्हणजे तुमचा प्रवासच तुमची बॅटरी भरतो. टपावरचं सोलर म्हणूनच मला अनावश्यक वाटतं. पॅनेल चालायला गाडी उन्हात उभी करावी लागते, आणि मे महिन्यात उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत लिथियम बॅटरी आणि लॅपटॉप ठेवणं म्हणजे दोन्हींचं आयुष्य कमी करणं. बहुतेक लिथियम बॅटऱ्या ४५ अंशांच्या वर चार्ज करायच्या नसतात. पावसाळ्यात, जेव्हा खरी गरज, तेव्हा पॅनेल जवळजवळ बसूनच असतं. गाडी आंब्याच्या सावलीत लावा आणि पेटी उतरवून ओसरीवर न्या.

लॅपटॉप घेताना यूएसबी-सीवर चार्ज होणारे घ्या, म्हणजे १२ व्होल्टवरून ६५ वॉटच्या कार चार्जरनं थेट भरता येतात आणि मध्ये इन्व्हर्टर लागत नाही. त्यांच्यात फिरणारी हार्ड डिस्क नको, एसएसडी हवी. या रस्त्यांचे हादरे फिरणाऱ्या डिस्कला सोसत नाहीत. बॅटरीच्या धन टोकाशी फ्यूज हवाच. जोडणी गाडीच्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, ऑफिसातल्या हौशी मुलाकडून नको.

प्रिंटर. लेझर प्रिंटर गरम होताना क्षणभर कित्येकशे वॉट ओढतो, तुमची पेटी धापा टाकेल. शाईच्या टाकीचा प्रिंटर वीज कमी खातो, पण घाटातून आडवातिडवा झाला की शाई सांडते. दोन्ही खोलीवरच ठेवा. कोरे अर्ज आणि स्वयंघोषणापत्रं आधी छापून गठ्ठा न्या. पाड्यावर छापायलाच हवी अशी गोष्ट शोधून बघा, फार सापडणार नाही.

दुसरी पेटी कागदांची. झाकणाला रबर असलेली, पाणी न शिरणारी. अर्ज, शाईचा पॅड, स्टेपलर, फोटो चिकटवायचा गोंद, प्लॅस्टिकच्या पिशव्या, मोठ्या टाइपाचं कॅलेंडर. आणि पोचीची पुस्तकं. यावर मी हट्टी आहे. मूळ कागद घेऊन जायचे नाहीत. जागेवर फोटो काढायचा, कागद हातात परत द्यायचा, आणि काय फोटो काढला, कशासाठी, पुढे काय होणार याची पोच द्यायची. अर्ज भरला की त्याचा नंबर आणि मुदतीची तारीख त्या माणसाच्या चिठ्ठीवर लिहा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला, आणि त्याखाली अधिसूचित सेवांना मुदत ठरवून दिलेली आहे. मुदत उलटली की अपील करता येतं. पण नंबर आणि तारीख ज्याच्या हातात आहे तोच अपील करू शकतो. तुमच्या लॅपटॉपमध्ये असलेला नंबर त्याच्या उपयोगाचा नाही.

आधारचे फोटो टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकता का? टाकत असाल तर आजपासून बंद. चौघांच्या फोनच्या गॅलरीत शेकडो लोकांचे आधार पडलेले असणं हा धोका आहे, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर तो संस्थेच्या अंगावर येऊ शकतो. जिथे चालतं तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारा मास्क केलेला आधार वापरा. लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट करा, म्हणजे पासवर्डशिवाय ती वाचता येणार नाही. गाडीतून चोरी झाली तर जावा तो लॅपटॉपच, माणसांची माहिती नव्हे. माहिती गोळा करायला ओडीके किंवा कोबोसारखं ऑफलाइन चालणारं ॲप घ्या. पाड्यावर फॉर्म भरा, फोटो जोडा, जतन करा. रेंज आली की एका झटक्यात सगळं वर जातं. तुमचं रात्रीचं निम्मं काम म्हणजे वहीतून पोर्टलसाठी पुन्हा टाइप करणं असणार, असा माझा अंदाज आहे. ते एवढ्यानं हटेल.

नेटबद्दल थोडक्यात. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं, राउटरला बाहेरचा अँटेना लावायची सोय, आणि टीमची स्वतःची रेंजची वही. कुठल्या वळणावर, कुठल्या शाळेच्या मागे, कुठल्या मोहाखाली कोणत्या सिमला किती दांड्या येतात, हे गावच्या पोरांना तोंडपाठ असतं. ते नकाशावर उतरवा आणि फेरी अशी आखा की दुपारी एकदा धारेवरून जाणं होईल. केंद्र सरकारनं जुलै २०२२ मध्ये नेटवर्क नसलेल्या २४,६८० गावांत ४जी पोचवायची योजना मंजूर केली, तेव्हा नवे टॉवर उभे राहतायत. वही दर तिमाहीला तपासा, आज मुका असलेला पाडा पुढच्या वर्षी बोलायला लागेल. दुकानदार सिग्नल बूस्टर दाखवेल, घेऊ नका. परवानगीशिवाय बूस्टर बसवणं बेकायदा आहे, आणि शेजारच्या टॉवरचं काम बिघडतं. सॅटेलाइट फोनचंही तसंच. परदेशातून कुणी हौसेनं आणून देईल, पण आपल्याकडे परवानगीशिवाय तो जवळ बाळगणं म्हणजे पोलीस ठाणं.

आता या सगळ्याहून मोठी गोष्ट, आणि ती फुकट आहे. वार ठरवा. आरोग्यसेविकेचं लसीकरण डोंगरातही चालतं, कारण महिन्याचा दिवस ठरलेला असतो आणि आया पोरं घेऊन येऊन बसतात. तुमची गाडी कधी येणार हे कुणाला माहीत नसेल तर ती आली तेव्हा माणसं शेतात असतील, आणि तुम्ही तिथे तासभर लोक गोळा करत बसाल. प्रत्येक पाड्याला महिन्यातला एक ठरलेला दिवस द्या. ‘दुसरा मंगळवार’ असा. शाळेच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहा. कारभारी, पोलीस पाटील, आशाताई आणि किराणा दुकानदार या चौघांना सांगा. मग काही झालं तरी तो दिवस मोडू नका. घाट बंद असेल तर दुकानदाराला आदल्या संध्याकाळी फोन. तीन महिने हे पाळलंत की लोक कागद घेऊन येऊन बसलेले दिसतील. कमी पाडे घ्या, पण घेतलेले पाळा.

वर्षाचं गणितही बघा. दिवाळीनंतर निम्मी तरणी माणसं ऊसतोडीला आणि शेतमजुरीला गुजरातेत गेलेली असतात. तेव्हा पाड्यावर म्हातारे आणि पोरं. पेन्शनची कामं त्या काळात काढा, कारण ज्यांची ती आहेत ते घरीच असतात. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार, म्हणजे आदिवासींचे सणाचे बाजार, भरले की सगळे परततात, पण त्या आठवड्यात कुणी अर्ज भरणार नाही. ढोल वाजत असताना टेबल टाकणारा माणूस विनोदी दिसतो. त्या दिवसांत फक्त भेटा, नंबर घ्या, तारीख द्या. होळीनंतर पाऊस पडेपर्यंत वनहक्क आणि बचत गट. पावसाळ्यात फेऱ्या कमी, मुक्काम जास्त.

आणि आता पाण्याचं. तुम्ही ते शेवटी लिहिलंत, मी सुरुवातीला लिहायला हवं होतं असं वाचकांना वाटेल. पण वरचं सगळं झालं तर हा प्रश्न निम्मा तिथेच सुटतो, म्हणून इथे घेतला. दिवसभर पाणी न पिणं हा सोय लावायचा मार्ग नाही. उन्हाळ्यात त्यानं चक्कर येते, लघवीच्या जागेला जंतुसंसर्ग होतो आणि मुतखड्याचा धोका वाढतो. जळजळ किंवा ताप असेल तर आधी डॉक्टरकडे जा, बैठक नंतर.

बैठकीत ही गोष्ट ‘माझी अडचण’ म्हणून मांडू नका. फेरीच्या नकाशावर ‘थांबे’ असा रकाना घाला. दर दोन तासांनी एक नक्की जागा, जिथे पाणी आणि संडास आहे. धडगावचं ग्रामीण रुग्णालय, वाटेतली प्राथमिक आरोग्य केंद्रं, आश्रमशाळा, तुमची भाड्याची खोली. जिथे काहीच नाही तिथे ओळखीचं एक घर, आणि गाडीत एक घडीचा छोटा तंबू. तंबू फार महाग नसतो. तो पेट्यांबरोबर खरेदीच्या यादीत लिहा, वेगळा मागू नका. पुरुषांनाही थांबे लागतातच, त्यांनी फक्त कधी मागितले नाहीत. नव्या मुली आल्या की हा रकाना आपोआप सगळ्यांचा होईल.

त्याच नकाशावर आणखी दोन ओळी हव्यात. अंधार पडल्यावर घाट उतरायचा नाही, उशीर झाला तर मुक्काम. आणि आठवड्यातला एक पूर्ण दिवस खोलीवरचा, फिरती नाही. दुसरा ढीग त्या दिवशी उपसायचा. तो दिवस सुटी नाही, कामाचा आहे, हे विश्वस्तांना स्पष्ट लिहून द्या. नाहीतर ‘आज फिल्डवर का नाही’ हा प्रश्न दर आठवड्याला येणार. चालत्या गाडीत टाइप करणंही सोडा. मान, डोळे आणि पोट, तिन्ही बिघडतात. घाटातला वेळ झोपेचा किंवा गप्पांचा.

कंपनीला फोटो लागेल, तो द्या. नाव गाडीवर नको तर फडकावर लिहा. बाजाराच्या दिवशी टेबलामागे फडकं बांधा, फोटो चांगला येतो, आणि त्यात माणसं असतात. निधी मागताना ‘फिरतं कार्यालय’ हे शब्द तसेच ठेवा, खाली यादी बदला. दोन वर्षांचे दोन पगार, खोलीचं भाडं, भाड्याची गाडी, दोन पेट्या, तंबू. शेजारी ट्रॅव्हलरचा खर्च लिहा, पण किंमत लिहून थांबू नका. विमा, ड्रायव्हरचा पगार, डिझेल, टायर, आणि पावसाळ्याचे जे महिने ती शहाद्यात उभी राहील तेही लिहा. हा कागद बैठकीच्या चार दिवस आधी प्रत्येक विश्वस्ताला पाठवा आणि खजिनदारांना वेगळा फोन करा. आकडे त्यांनी आधी पाहिलेले असले तर बैठकीत तुम्हाला फार बोलावं लागणार नाही.